बायांना मास्क कशाला?

मला दमा नव्हता.

हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण कंपनीच्या कागदावर उलटं लिहिलंय. ‘सदर महिला कामगारास पूर्वीपासून दम्याचा विकार होता.’ खोटं आहे. वाटूरच्या शाळेत मी बारावीपर्यंत कबड्डी खेळले. चढाईला गेले की माझा दम टिकायचा; समोरच्या पोरी वाट बघायच्या, की हिचा आवाज तुटतो कधी. लग्नानंतर जालन्याला आले, तेव्हाही पाण्याचे दोन हंडे घेऊन जिना चढायचे आणि वर जाऊन गप्पा मारायचे.

आता माझं वय एकोणचाळीस आहे. तोच जिना चढताना मी मध्ये बसते. पिशवीत दोन पंप असतात, एक रोजचा, एक अडचणीचा. शेजारी कुणी दरवाजाला रंग दिला तर मी दिवसभर बहिणीकडे जाते.

माझ्यासोबत कामाला होती ती नसीमआपा म्हणाली, “लिहायचं तर शांत डोक्यानं लिही.” मी प्रयत्न केला. जमलं नाही. म्हणून जसं येईल तसं लिहिते.

काम

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत गाद्यांचा फोम बनवणारा एक कारखाना आहे. तिथं ठेकेदाराच्या आम्ही सात बाया होतो. माझा धाकटा दीर गणेश तिथंच मशीनवर होता, त्यानंच मला लावून दिलं.

फोम बनताना बघायला मजा वाटते. दोन-तीन पातळ रसायनं एका लांब पन्हळीत एकत्र पडतात आणि दूध उतू जावं तसं ते मिश्रण वर येतं. मिनिटा-दोन मिनिटांत माणसाच्या कमरेएवढी लादी उभी राहते. ती आतून तापलेली असते. तिच्या बाजूचा कागद सोलायचा, वरची कडक साल कापायची आणि माल पडून झाला की पन्हळ खरवडून धुवायची, हे बायांचं काम. पन्हळ खरवडताना तोंड अगदी आत जायचं.

त्या रसायनांपैकी एकाला साहेब लोक टीडीआय म्हणायचे. आम्ही नुसतं केमिकल म्हणायचो. ते आयसोसायनेट जातीचं असतं, हा शब्द मी पहिल्यांदा दवाखान्यात ऐकला. चार वर्षं त्याच्यावर तोंड वाकवून काम केल्यावर.

मशीनवरच्या गड्यांना रबरी मास्क होते. आम्हाला नव्हते. एकदा नसीमआपानं सुपरवायझरला विचारलं. काळे त्याचं नाव. तो हसत म्हणाला, “बायांना मास्क कशाला? तुम्ही काय केमिकल टाकू राह्यल्या का? तुमचं तर साफसफाईचं काम.”

आम्ही पण हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

फुटलेला ड्रम

एक दिवस ढकलगाडीवरून ड्रम खाली आला आणि त्याची शिवण उकलली. फरशीवर फिकट पिवळं पाणी पसरलं. गडी मागं सरले. काळे लांबून ओरडला, “पाणी टाका, पुसून घ्या जल्दी, गाडी भरायची हाय.”

आम्ही तिघी खाली बसलो. फोमचे तुकडे घेऊन पुसलं, त्यावर बादलीनं पाणी टाकलं, पुन्हा पुसलं. पाणी पडलं की ते फसफसायचं. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. नसीमआपा बाहेर जाऊन ओकली. मला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं, पण घसा काय, पाणी पिलं की साफ होतो, असं मी समजले.

ओले तुकडे एका रिकाम्या ड्रममध्ये कोंबले आणि वास नको म्हणून काळेनं झाकण घट्ट लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाकण आवाज होऊन उडालं आणि वर छताच्या पत्र्याला लागलं. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. सगळे म्हणाले, दिवाळी लवकर आली.

आता मला माहीत आहे. हे रसायन आणि पाणी एकत्र आलं की वायू तयार होतो, म्हणून ते झाकून ठेवायचंच नसतं. सांडलं तर आधी माणसं बाहेर काढायची. मग बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि हातमोजे घातलेल्या, शिकवलेल्या माणसानं त्यावर वाळूसारखं शोषणारं काहीतरी टाकायचं. हे सगळं कंपनीच्या ऑफिसात एका फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलेलं होतं. फाइल कपाटात होती. कपाटाची चावी काळेकडे होती.

खोकला

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी खोकला सुरू झाला. पण कामावर नाही. घरी आल्यावर, संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी. म्हणून संशय घरावरच गेला. आधी फोडणी बंद केली. मग उदबत्ती. मग उशा उन्हात टाकल्या. मग नवऱ्यानं, म्हणजे दत्तानं, पाळलेली मांजर पोत्यात घालून शेताकडे सोडून दिली. अश्विनी, माझी मुलगी, त्या मांजरीसाठी दोन दिवस जेवली नाही.

सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी काढली. तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण शेजारणीला म्हणताना मी ऐकलं, “टीबीच दिसू राह्यला बाई.” बेडका दोनदा तपासला. टीबी निघाला नाही. ताट मात्र वेगळंच राहिलं.

तीन डॉक्टर झाले. एकानं ॲलर्जी म्हटलं, एकानं रक्त कमी म्हटलं, एकानं “टेन्शन घेऊ नका” म्हटलं. तिघांपैकी एकानंही विचारलं नाही की बाई, तू काम काय करते.

दिवाळीला आठ दिवस माहेरी गेले. तिसऱ्या दिवसापासून खोकला गायब. आई म्हणाली, “सासरी सुख न्हाई तुला.” परत येऊन कामावर गेले त्याच दिवशी, सकाळी, पन्हळीपाशी वाकले आणि श्वास आत येईना. ओला पदर तोंडावर घट्ट धरावा आणि त्यातून हवा ओढावी, तसं. आत आलेली बाहेर जाईना. नसीमआपानं मला काखेत धरून बाहेर काढलं.

काळे धावत आला. मला वाटलं पाणी घेऊन आला. तो म्हणाला, “मागच्या गेटनं न्या. पुढं माल घेणारी पार्टी आलीय, बसलेत अजून.”

नसीमआपानं मला पुढच्या गेटनंच नेलं.

काम काय करता?

जालन्यातून मला छत्रपती संभाजीनगरला, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं छातीच्या विभागात एक डॉक्टर मॅडम होत्या. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, औषध दिलं, परत फुंकायला लावलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “काम काय करता?”

मी म्हटलं, “साफसफाई.”

“कुठं?”

“फोमच्या कंपनीत.”

त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या. “सुट्टीच्या दिवशी खोकला कमी असतो का?”

मी दत्ताकडे बघितलं. दत्ता म्हणाला, “मॅडम, माहेरी गेल्ती तेव्हा बिलकुल नव्हता.”

“ड्रमवर काय लिहिलेलं आहे, ते मिळेल?”

नसीमआपाला फोन केला. अर्ध्या तासात तिनं ड्रमच्या लेबलचा फोटो पाठवला. मॅडमनी तो मोठा करून वाचला आणि आम्हाला मराठीत सांगितला: श्वासातून आत गेल्यास जीवघेणं. श्वासातून गेल्यास ॲलर्जी, दम्यासारखा त्रास होऊ शकतो. कोपऱ्यात कवटीचं चित्र. मी ते चित्र चार वर्षं फडक्यानं पुसत आले होते.

“हा कामानं झालेला दमा आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्याचा खोकला कधी कधी काही तासांनी, घरी गेल्यावर सुरू होतो. एकदा शरीरानं या रसायनाशी वैर धरलं की ते विसरत नाही. आता तुम्हाला थोडंसंही चालणार नाही. बाकीच्यांना कळणारही नाही इतकं थोडंसुद्धा. वास यायची वाट बघू नका. वास आला म्हणजे प्रमाण कधीच वर गेलेलं असतं.”

“मास्क घालून करू का काम?” मी विचारलं. मला खरंच तेवढंच सुचलं.

“नाही. आता नाही. पुढच्या वेळी तुम्ही इथपर्यंत पोचाल याची खात्री मी देऊ शकत नाही.”

मी रडले नाही. मला आठवतं, मी त्यांच्या टेबलावरच्या पेनच्या टोपणाकडे बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं. हे लिहिलेलं होतं. ड्रमवर लिहिलेलं होतं.

नऊ दिवस

नऊ दिवस वॉर्डात होते. सकाळी सहाला वाफेचं औषध, मग चहा, मग सुई, मग डॉक्टरांची फेरी, परत वाफ. हाताच्या शिरा संपल्या. गोळ्यांनी तोंड सुजलं, हात थरथरायला लागले, भूक मात्र वाघासारखी लागायची. अश्विनी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “मम्मी, तू वेगळीच दिसू राह्यली.”

भीती सगळ्यात जास्त अंघोळीची वाटायची. न्हाणीत कडी लावली आणि श्वास अडकला तर? म्हणून मी कडी लावायची नाही, आणि कुणी येईल म्हणून घाईत बादली ओतून घ्यायची. वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी ते ओळखलं. चौथ्या दिवशी त्या दाराबाहेर झाडू घेऊन उभ्या राहिल्या. “निवांत कर. मी हाय इथं.” त्यानंतर रोज उभ्या राहिल्या. आल्या की माझी वेणीही घालून द्यायच्या, कारण माझे हात तेवढा वेळ वर राहायचे नाहीत. त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. नावसुद्धा विचारलं नाही, ‘खिडकीवाली’ म्हणायच्या.

सुट्टी देताना मॅडमनी एक फॉर्म भरला. कायद्यानं कळवायच्या आजारांची यादी असते, त्यात आयसोसायनेटची विषबाधा नाव घेऊन लिहिलेली आहे. डॉक्टरला ती कळवावीच लागते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. रसायन बनवणाऱ्याला माहीत होतं. विकत घेणाऱ्याला माहीत होतं. त्यात तोंड घालून काम करणारीलाच तेवढं माहीत नव्हतं.

गणेशचा शर्ट

घरी आले तर वेगळंच. दत्ता म्हणाला, “झालं ते झालं. तक्रार-बिक्रार नको. गणेशची नोकरी जाईल.”

“आणि माझं काय गेलं ते?”

“तुझं गेलं ते येणार हाय का तक्रारीनं? त्याचं तरी राहू दे ना.”

तीन दिवस आम्ही बोललो नाही. दत्ता वाईट माणूस नाही. टेम्पो चालवतो, दमून येतो, आणि भाऊ त्याच्या हाताखाली वाढलाय. पण त्या तीन दिवसांत मला वाटायचं, या घरात माझ्या श्वासाला दिराच्या नोकरीपेक्षा कमी मोल आहे. सासूबाई तर उघडच म्हणाल्या, “बाई कामाला गेली न्हाई तर घर चालतं. गडी घरी बसला तर चालत न्हाई.”

चौथ्या दिवशी पहिली पाळी संपवून गणेश मला बघायला आला. हातात मोसंब्या, अंगावर कंपनीचा शर्ट. खाटेशेजारी बसला. “वहिनी, आता कसं वाटू राह्यलं?” मी बरं म्हटलं. पाच-सात मिनिटं झाली असतील. छाती आवळायला लागली. शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अश्विनी पंप शोधत पळाली.

“काय झालं? काय केलं मी?” गणेश उठून उभा राहिला.

मला बोलता येईना. मी त्याच्या शर्टाकडे बोट केलं.

दत्ताला आधी कळलं. त्यानं भावाला दंडाला धरून अंगणात नेलं आणि शर्ट काढायला लावला. खिडकीतून मला दिसत होतं. गणेश उघड्या अंगानं नळाखाली हात धूत होता, परत परत धूत होता, आणि दत्ता तो शर्ट दोन बोटांत धरून तसाच उभा होता. गणेशला दोन वर्षांचा मुलगा आहे. बाप घरी आला की ते पोर त्याच शर्टाला येऊन बिलगतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तानं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, “अर्ज कुठं द्यायचा असतो?”

सही

आमच्या अर्जावरून कारखान्यांची सुरक्षा तपासणारे सरकारी साहेब आले त्या दिवशी मला आत जाता येणार नव्हतं. मी आणि दत्ता रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. त्या दिवशी म्हणे सगळे पंखे चालू होते, फरशी धुतलेली होती आणि बायांच्या तोंडावर नवे कोरे मास्क होते. दवाखान्यातले, कापडी. त्या रसायनापुढं त्यांचा चाळणीएवढाही उपयोग नाही.

तासाभरानं साहेब रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. हातात रजिस्टर. मागं काळे, गणेश, नसीमआपा. काळेनं मला नमस्कार केला. चार वर्षांत पहिल्यांदा.

“सुरक्षा प्रशिक्षण घेतल्याची ही तुमची सही आहे का?” साहेबांनी विचारलं.

बघितलं. माझीच सही. खाली बाकी सहा जणींच्याही.

“सही माझी हाय,” मी म्हटलं. “पण ती फराळाच्या डब्याची हाय. दिवाळीच्या आधी डबे वाटले तेव्हा घेतल्ती. वर काय लिहिलंय ते दाखवलंच न्हाई, पान दुमडलेलं होतं.”

काळे म्हणाला, “असं कसं बोलता ताई? वाचून सही करायची असती.”

“माझी बी डब्याचीच हाय,” नसीमआपा म्हणाली.

“आपा, विचार करून बोला.”

“करूनच बोलू राह्यले. चार साल न्हाई बोलले, आता बोलते.”

मग गणेशनं गळ्यातला रबरी मास्क काढून साहेबांच्या हातात दिला. “साहेब, ह्याचा हवा गाळायचा डबा कधी बदलला, विचारा ह्यांना. मी लागलो तेव्हापासून हाच हाय.”

साहेबांनी मास्क उलटा करून बघितला. पुढं बराच वेळ ते लिहीतच होते.

मग काय झालं

पन्हळीची जागा बंदिस्त करून वाफ ओढून घेणारी यंत्रणा बसेपर्यंत मशीन बंद ठेवायला लागलं. खरवडायचं काम करणाऱ्यांना बाहेरून हवा देणारे मास्क आले. कपडे कारखान्यातच बदलायची, धुवायची सोय झाली. सगळ्यांची श्वासाची तपासणी झाली. नसीमआपाचा श्वासही कमी भरला. तिला त्रास वाढायच्या आधी सापडलं, म्हणून तिला दुसऱ्या इमारतीत, खोळी शिवायला पाठवलं. ती बरी आहे.

गणेशला महिन्याभरात काढलं. कारण दिलं, शिस्तभंग. आता तो सळईच्या कारखान्यात आहे. दत्तानं मला यावरून एकदाही ऐकवलं नाही. सासूबाईंनी ऐकवलं, पण माझं ताट परत घरच्या ताटांत ठेवलं, तेही न सांगता. काळे अजून तिथंच आहे. ‘पूर्वीपासून दमा’ हा कागदही तिथंच आहे, आणि त्याच्याविरुद्ध माझी कामगार विम्याकडे लढाई चालू आहे.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी फोमचं, गाडी रंगवायचं, शीतगृहाच्या भिंतीत फोम मारायचं, बुटाचे तळ ओतायचं काम करणारं माणूस असेल, तर एवढं करा. सुट्टीत खोकला थांबतो का, बघा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी काम काय करतो ते तुम्ही सांगा. ड्रमवरचं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचवून घ्या. कामगाराला धोका सांगणं, त्याची तपासणी करणं हे मालकाचे उपकार नाहीत, त्याच्यावरचं बंधन आहे. आणि दुमडलेल्या पानावर सही करू नका.

गेल्या आठवड्यात जाफराबादजवळच्या टेंभुर्णीहून एका बाईचा फोन आला. माझा नंबर तिला नसीमआपाच्या नात्यात कुठून तरी मिळाला. तिचा नवरा तोंडाला फडकं बांधून शीतगृहांच्या भिंतींवर फोम फवारतो. संध्याकाळी घरी आला की खोकतो, रविवारी खोकत नाही. मी म्हटलं, “त्याला आधी छातीच्या डॉक्टरला दाखवा. तवर कामावर जाऊ देऊ नका.”

ती म्हणाली, “ताई, कामावर जाऊ देऊ नका म्हणता. मंग खायचं काय?”

मला पुन्हा तसाच राग आला, जसा ते लेबल ऐकताना आला होता. हा प्रश्न तिनं मला का विचारावा? तिच्या नवऱ्याला नुसत्या फडक्यानिशी फवारायला लावणाऱ्या ठेकेदाराला तो कुणी विचारलाय का?

“त्याचा ठेकेदार कुठं बसतो?” मी विचारलं.

“जाफराबादला. कामून?”

“सोमवारी मी येते. आपण दोघी मिळून त्यालाच विचारू.”

“तुम्हाला तर दम लागतो ना ताई?”

“लागतो,” मी म्हटलं. “हळूहळू बोलेन. पण बोलेन.”